पंधरावा पोपट

शेषरावांनी तीस वर्षं अकोल्याच्या बसस्थानकावर माईकसमोर बसून दुसऱ्यांच्या गाड्या जाहीर केल्या. अकोट, चांदूर रेल्वे, धारणी. कोणती गाडी फलाटाला लागली, कोणती बिघडली, कोणती येणारच नाही, हे सगळं त्यांनी एकाच आवाजात सांगितलं. येणारी आणि न येणारी गाडी प्रवाशांना त्यामुळे सारखीच वाटे. निरोप समारंभात एक जण म्हणाला, "शेषरावांनी जनतेपासून कधी काही लपवलं नाही." शेषराव मान खाली घालून पेढा खात राहिले. एक गोष्ट त्यांनी लपवली होती. ती चौदा पोपटांची होती.

हे पोपट एका गोधडीवर होते. खरं तर गोधडी अजून झालीच नव्हती. होता तो नुसता तिचा वरचा पदर: मांजरपाटाचे तीस चौकोन एकमेकांना जोडलेले, एकात शेषरावांच्या आईनं, माणिकबाईनं, भरलेलं फूल, शेजारच्यात पोपट, मग पुन्हा फूल. फुलं चांगली होती. पण पोपटांपाशी माणूस थांबायचा. हिरवं भरीव अंग, लाल चोच, चोचीत कुठं मिरची, कुठं पेरूची फोड, आणि डोळ्यात असा तोरा, की जसा आत्ताच सरपंच निवडून आला आणि मिरवणुकीची वाट पाहून राहिला. खालच्या कोपऱ्यातल्या पंधराव्या पोपटाला मात्र अंग नव्हतं. त्याचा नुसता निळा छाप होता.

सगळ्या नात्यागोत्यात हे पोपट शेषरावांच्या धाकट्या बहिणीचे, अकोटच्या वच्छलाबाईंचे, म्हणून प्रसिद्ध होते. पंचावन्न वर्षं झाली.

भरले होते शेषरावांनी.

तेरा वर्षांचे असताना ते जिनिंगला निघालेल्या कपाशीच्या गाडीवरून पडले आणि चार महिने पाय पलस्तरात राहिला. घरातली पुस्तकं दोन आठवड्यांत संपली. आई शेजारी बसून भरतकाम करायची. ते पाहता पाहता त्यांनी एक दिवस सुई मागितली. माणिकबाईनं आधी दाराकडे पाहिलं, मग सुई दिली.

दाराकडे पाहण्याचं कारण वडील. खुशालराव आखाड्यातले गडी. त्यांच्या मते पुरुषाच्या हाताला तीनच गोष्टी शोभत: बैलाचा कासरा, पाण्याचा लोटा आणि दुसऱ्याची मानगूट. सुई त्या यादीत नव्हती. म्हणून माणिकबाईनं बंदोबस्त केला. दहा वर्षांच्या वच्छीला उंबऱ्यावर बसवलं. कोणी येताना दिसलं की तिनं खोकायचं. खोकला ऐकला की शेषूनं कापड तिच्या मांडीवर फेकायचं. आणि कोणी विचारलंच तर सांगायचं, वच्छीनं भरला.

बंदोबस्त इतका चोख झाला, की चार महिन्यांत ज्यानं कोणी तो पदर पाहिला, त्यानं वच्छीच्याच मांडीवर पाहिला. खुशालराव पाहुण्यांना मोठ्यानं सांगत, "माह्या पोरीचा हात पाहा! तालुक्यात नाही असा!" आणि भिंतीपलीकडे पलस्तरातला पाय अभिमानानं खाजायचा. तो खाजवताही येत नसे.

पलस्तर निघालं, शाळा सुरू झाली, पंधरावा पोपट राहिला. माणिकबाईनं तो स्वतः भरला नाही आणि पदर कधी धुऊही दिला नाही, कारण छाप नीळ आणि रॉकेलचा. पाणी लागलं की गेला. ती म्हणायची, "ज्याचा हाय त्यानं भरावा." ज्याचा होता तो पुढे अकोला डेपोत चिकटला. आई गेली, ट्रंक शेषरावांकडे आली, निवृत्तीनंतर त्यांच्यासोबत अमरावतीला मुलाच्या घरी गेली, आणि एका पोपटाच्या मानाखातर अर्ध्या शतकाची धूळ त्या कापडावर सांभाळली गेली.

वच्छलाबाईंचं लग्नही त्या पोपटांनीच जमवलं. अकोटची मंडळी पाहायला आली, त्यांनी मुलीपेक्षा पोपट जास्त वेळ पाहिले. सासरी गेल्यावर सासूनं हौसेनं उशीचा अभ्रा भरायला दिला. आठच दिवसांत सुनेचे डोळे दुखायला लागले आणि तिला चष्मा लागला. त्या चष्म्याला नंबर पुढं पंचवीस वर्षांनी आला.

तर सांगायचं म्हणजे, यंदाच्या हिवाळ्यात शेषरावांच्या सुनेनं, वर्षालीनं, ट्रंक उघडली. ती ज्युनिअर कॉलेजात गृहविज्ञान शिकवते. महिला मंडळाचं जुन्या हस्तकलेचं प्रदर्शन रविवारी होतं. तिनं पदर दिवाणवर पसरला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. कापड चहाच्या गाळणीच्या रंगाचं झालं होतं. ट्रंकेच्या कडीचा गंज एका फुलावर उतरला होता.

"आई, एवढं मळकं कसं राहू दिलं हे?"

"मले काय विचारतं?" शेषरावांच्या पत्नी शकुनबाई म्हणाल्या. "तुह्या आजेसासूनं कोणाले हात लावू देल्ला तं ना! म्हणे एक पोपट बाकी हाय."

वर्षालीनं चष्मा वर करून छाप पाहिला. "बरोबरच केलं त्यांनी. आधी हा भरायचा, मग धुवायचं, मग गोधडी शिवायची. उलटं केलं तर पोपट पाण्यात जाईल."

"तं मग भरा," शेषराव पेपरामागून म्हणाले.

"मी भरला तर वेगळा दिसेल, बाबा. अकोटच्या आत्याबाईंनाच बोलावू. चौदा त्यांनी भरले, पंधरावाही त्यांच्याच हातानं होऊ दे. हे पाहा, कार्डही छापून आणलंय."

कार्डावर सुंदर अक्षरांत होतं: भरतकाम – कै. माणिकबाई व सौ. वच्छलाबाई.

शेषरावांनी त्यानंतर एकच निधनवार्ता तीन वेळा वाचली. आजवर ही गोष्ट नातेवाइकांच्या तोंडी होती, आणि नातेवाइकांच्या तोंडी काय नसतं? पण आता ती छापली गेली होती. रविवारी ती टाचणीनं गोधडीला टोचली जाणार, अख्खी अमरावती येऊन वाचणार, आणि मग ते पोपट कायमचे वच्छीचे. बोलायचं असेल तर रविवारच्या आत.

पण बोलावं तर रामराव होता. रामराव म्हणजे निवृत्त ड्रायव्हर, डेपोतला जुना सोबती, आता दोन गल्ल्या सोडून राहणारा आणि रोज सकाळी टपरीवर चहाला सोबत असणारा. एका कंडक्टरला त्यानं एकदा स्वतःच्या शर्टाचं बटण लावताना पाहिलं होतं. त्या कंडक्टरला रामराव त्याच्या निवृत्तीपर्यंत 'मास्तरीणबाई' म्हणत आला. आणि ते तर एकच बटण होतं.

मंगळवारी वच्छलाबाई एसटीनं अकोटहून उतरल्या, पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा घेऊन.

"मले माहीतच होतं, एक दिवस माह्या पोपटायची कदर होईन," त्या दिवाणवर बसत म्हणाल्या.

"घ्या बाई," शकुनबाईंनी सुई पुढे केली. "दोरा बी ओवून ठेवला."

कंडक्टरनं सकाळच्या पहिल्या फेरीत पाचशेच्या नोटेकडे पाहावं, तसं वच्छलाबाईंनी त्या सुईकडे पाहिलं. "आज मंगळवार व्हय ना वयनी? मी मंगळवारी सुई धरत नसतो."

बुधवारी सकाळी त्यांचा मोतीबिंदू पिकला. दहा वाजता हात थरथरू लागला. अकरा वाजता थरथर थांबली, पण उजेड बरोबर नव्हता. शेवटी दुपारी शकुनबाई आणि वर्षाली गोधडीच्या अस्तराचं कापड आणायला बाजारात निघाल्या.

"आमी येतो तोवर निदान चोच तरी भरा, बाई," शकुनबाई चप्पल घालता घालता म्हणाल्या.

फाटक वाजलं. घरात भाऊ-बहीण दोघंच उरली.

"भाऊ, आता काय करू?" वच्छलाबाई हळूच म्हणाल्या.

"मले काय विचारतं? चौदा भरले तुनं. तुले माहीत."

वच्छलाबाईंनी मांडीवरचं कापड दिवाणवरून भावाकडे सरकवलं, त्याच्याकडे न पाहता. शेंगांची पिशवी घेतली, दाराशी गेल्या, उंबऱ्याजवळ पाट टाकला आणि रस्त्याकडे तोंड करून शेंगा सोलायला बसल्या.

शेषरावांनी सुई उचलली. डाव्या हातानं. लहानपणी मास्तरांनी छडी मारून लिहिण्यापुरता तो हात बदलला होता, पण सुईबद्दल मास्तरांना काही माहीत नव्हतं. पहिले दोन टाके सरकारी कारकुनासारखे पडले, रेघेवर पण निर्जीव. तिसऱ्याला हाताला आठवलं. बोटं पुढं चालू लागली आणि शेषराव मागून पाहत राहिले. आधी देठाच्या टाक्यानं कड. दोरीला पीळ दिल्यासारखी दिसते ती शिवण. मग आतून हिरवं भरीव अंग, पंखापाशी दोरा थोडा सैल, मानेपाशी ताणलेला, म्हणजे मान फुगते. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. तेरा वर्षांच्या एका पोरानं चौथ्या पोपटाला ते शोधून काढलं होतं, आणि अडुसष्टव्या वर्षी त्या पोराची अक्कल पाहून त्यांना फार बरं वाटलं.

चोच लाल झाली. छापात ती रिकामी होती, आईनं तिथं काहीच काढलं नव्हतं. शेषरावांनी विचारपूर्वक एक मिरची दिली. शेवटी डोळा: काळ्या दोऱ्याची एकच गाठ, जरा वर, तोऱ्यात. त्यांनी कापड हातभर लांब धरलं. पोपट त्यांच्याकडे पाहत होता. दोघांनाही एकमेकांचा अभिमान वाटत होता.

तेवढ्यात वच्छलाबाई खोकल्या.

पुढचं शेषरावांनी केलं नाही, त्यांच्या हातांनी केलं. कापड हवेतून गेलं आणि पाटावर बसलेल्या वच्छलाबाईंच्या मांडीवर, तुरीच्या शेंगांवर, अलगद उतरलं. पंचावन्न वर्षांत नेम बोटभरही चुकला नव्हता.

"अगंबाई, झाला?" वर्षाली स्कूटीची चावी हातात घेऊन दारातच थबकली. "आत्याबाई, काय हात आहे तुमचा!"

वच्छलाबाईंचं तोंड उघडलं. त्यांनी भावाकडे पाहिलं. भाऊ पंख्याकडे पाहत होता.

"झाला व माय," त्या म्हणाल्या. आवाज जरा बसला होता. खोकल्यानं असेल.

शेषराव उठून मोरीवर गेले आणि उगाचच पाय धुऊन आले. दुसऱ्या कोणी चोरला असता तर भांडता आलं असतं. पंधरावा पोपट त्यांनी स्वतःच्या हातानं फेकून दिला होता, आणि तोही नेमका.

गुरुवारी धुणं निघालं. वर्षालीनं गच्चीवर मोठा टब मांडला, थंड पाण्यात रिठ्याचं पाणी घातलं, आणि सुई-दोऱ्याचं काम असल्यानं घासायचं नाही, पिळायचं नाही, नुसतं तळव्यानं दाबायचं, अशी सगळ्यांना ताकीद दिली.

"लाल दोऱ्याची भीती वाटते मला," ती म्हणाली. "रंग सोडला तर फुलं गुलाबी होतील."

"नाही सोडत," लिंबू कापत असलेले शेषराव म्हणाले. "चौदा पोपटायचा दोरा आपण तुरटीच्या पाण्यात उकळून घेतला होता. कालचा तेवढा नवा हाय, तो पाहून घे."

वर्षालीनं ओला कापूस मिरचीवर दाबून पाहिला. पांढराच राहिला. पण शकुनबाईंचा हात टबातच थांबला होता.

"आपण म्हंजे कोण जी?"

"आपण म्हंजे... घरच्यायनं."

"हं," शकुनबाई म्हणाल्या. त्यांच्या चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात शेषराव या 'हं'ला जेवढे भ्याले, तेवढे कधी विभाग नियंत्रकालाही भ्याले नाहीत.

पहिलं पाणी काढलं ते कडक चहासारखं. दुसरं पातळ चहासारखं. तिसऱ्या पाण्यात टबाचा तळ दिसला आणि तिथं मांजरपाट पांढरा होऊन पसरला होता. त्यावर पंधरा हिरवे पोपट असे चकाकत होते, की शेजारच्या गच्चीवरची बाई वाळवणं सोडून पाहायला आली. ओलं कापड स्वतःच्या वजनानं टाके तोडू नये म्हणून खाली चादर घालून चौघांनी ते उचललं आणि सावलीत बाजेवर, जुन्या धोतरावर, उलटं पसरलं.

उलट्या बाजूवर वर्षाली वाकली ती वाकलीच.

"आई, हे पाहा गंमत. आजींच्या फुलांच्या देठाचा पीळ या बाजूला जातो. पोपटांच्या कडेचा पीळ बरोबर त्याच्या उलट. सगळ्या पंधरांचा." ती सरळ झाली. "उजव्या हातानं असा टाका पडतच नाही. हे पोपट डावखुऱ्या माणसाचे आहेत."

वच्छलाबाई पायरीवर बसून वाल निवडत होत्या, उजव्या हातानं. शकुनबाईंची नजर तिथून निघाली आणि गंजलेल्या फुलावर मीठ टाकून लिंबू पिळणाऱ्या नवऱ्याच्या हातावर येऊन बसली. तो हात डावा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून, पंगतीत त्यांचं कोपर शकुनबाईंच्या कोपराला लागत आलं होतं.

"लिंबू पुरे झालं जी," एवढंच त्या म्हणाल्या.

शुक्रवारी माणिकबाईच्या जुन्या लुगड्याचा थर मधे घालून, खाली अस्तर लावून, गोधडीला धावदोरा सुरू झाला. शेषराव दिवाणवर पेपर धरून बसले आणि कोणाचा टाका वाकडा जातो ते मनातल्या मनात मोजत राहिले. शनिवारी दुपारी चारही बाजू आवळत आल्या. एका कोपऱ्यात वीतभर तोंड उघडं राहिलं. ते मुद्दाम ठेवलेलं होतं.

माणिकबाईच्या घरची रीत होती, की गोधडी उपाशी ठेवायची नाही. तोंड बंद करायच्या आधी तिच्या पोटात ज्वारीच्या भाकरीचा वाळलेला तुकडा जायचा, गुळाचं नुसतं बोट लावलेला. जिचं काम, तिच्या हातानं.

शकुनबाई स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आल्या. वच्छलाबाईंनी सवयीनं हात पुढं केला. शकुनबाई त्या हातावरून पुढं गेल्या, दिवाणपाशी थांबल्या, आणि नवऱ्याच्या हातातला पेपर काढून घेऊन तिथं भाकरीचा तुकडा ठेवला.

शेषराव गडबडले. पूजेत उजवा हात पुढं करायची सवय, म्हणून त्यांनी तुकडा उजव्या हातात घेतला.

"त्या हातानं नोको," शकुनबाई म्हणाल्या. "ज्या हातानं पोपट भरले त्या हातानं."

वर्षालीच्या तोंडातली टाचणी खाली पडली. वच्छलाबाईंचा हात अजून पुढंच होता. तो त्यांनी मागे घेतला, चष्म्याला लावला, आणि मग चष्माच काढून मांडीवर ठेवला.

"मायनं सांगतलं होतं," त्या म्हणाल्या, "कोणी विचारलं तं म्हण, वच्छीनं भरला. मी म्हणत गेली. आता थांब म्हणून मायनं कधी सांगतलंच नाही, भाऊ. ते तं मरून गेली. मी कोणाले विचारून थांबू?"

शेषरावांना काय काय बोलायचं होतं. पंचावन्न वर्षांत त्यांनी त्याची बरीच जुळवाजुळव केली होती. त्यातलं काहीच आता कामाचं नव्हतं.

"मी सांगतो. थांब," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "पण खोकली तू वेळेवर. एक डाव चुकली असती तं बाबानं माहा दुसरा पाय मोडला असता."

वच्छलाबाई हसल्या आणि पदरानं डोळे पुसायला लागल्या. "काय पण फेकत जाय तू! एकदा सुई घुसली होती मले!"

"मग सांगतलं काहून नाही?"

"चौकीदार सांगते का?"

शेषराव गोधडीपाशी खाली बसले. गुडघा वाजला. डाव्या हातानं त्यांनी तुकडा आत सरकवला, पार पंधराव्या पोपटाखालपर्यंत, जणू मिरचीसोबत खायला.

"बाबा," वर्षालीनं नवं कोरं कार्ड काढलं होतं, "आता नावं कशी लिहू?"

शेषरावांनी घसा खाकरला. तीस वर्षं बसस्थानकाच्या पत्र्याखाली घुमलेला आवाज दिवाणखान्यात घुमला.

"लिही. फुलं, माणिकबाई. पोपट, शेषराव. पहारा, वच्छलाबाई."

"पहारा पण?"

"पहारा पण. त्याच्याशिवाय एक बी झाला नसता."

शकुनबाईंनी ओवलेली सुई त्यांच्यापुढं धरली. उघडं राहिलेलं तोंड वीतभर होतं. शेषरावांनी गोधडी मांडीवर ओढली आणि बारीक, एकसारखे, उलट्या पिळाचे टाके घालायला घेतले. शकुनबाई शेजारी बसून पाहत होत्या. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी या माणसाच्या शर्टांची बटणं लावली होती, तो हिशेब त्या नंतर करणार होत्या. सध्या त्या शेजारच्या गच्चीवरल्या बाईला हाक मारून बोलवावं का, याचा विचार करत होत्या.

अर्धं तोंड शिवून झालं असेल, तेवढ्यात फाटक करकरलं.

"शेष्या! अबे दोन दिवसांपासून चहाले काहून नाही आला?" रामरावाचा आवाज. धारणीच्या घाटात हॉर्नऐवजी वापरलेला. पावलं व्हरांड्यात आली.

वच्छलाबाई खोकल्या. त्यांचा काही इलाज नव्हता.

शेषरावांचे दोन्ही हात गोधडीसकट वीतभर वर उचलले गेले. समोर वच्छलाबाईंची मांडी होती. चष्मा बाजूला सारून ती रिकामीही झालेली होती. क्षणभर गोधडी तशीच अधांतरी राहिली. मग शेषरावांनी ती खाली आणली, स्वतःच्या मांडीवर नीट पसरली, पंधरावा पोपट दाराकडे तोंड करून बसवला आणि पुढचा टाका घातला.

रामराव दारात उभा राहिला. त्यानं सुई पाहिली, सुईमागचा हात पाहिला, हातामागचा माणूस पाहिला.

"हे काय करून राहिला बे?"

"गोधडी शिवून राहिलो," शेषराव त्याच जाहीर आवाजात म्हणाले. "चपला बाहेर काढ. परवाच धुतली हाय."

रामरावानं चपला बाहेर काढल्या, जवळ येऊन बसला आणि पोपटांकडे पाहत राहिला. बराच वेळ.